पूल बंद झाल्याची बातमी आणि गावाचे शेवटचे घर

१

जमीन कोणाच्या ताब्यात गेली, पाणवठे कोणी अडविले, विद्या कोणी कोणापासून दडवून ठेवली, याविषयी आपल्या चळवळीने पुष्कळ लिहिले आहे. बातमीच्या वाटपाविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. गावात कोणती गोष्ट कोणाला आधी कळते, कोणाला उशिरा कळते आणि कोणाला कळतच नाही, यालाही एक उतरंड आहे. ही उतरंड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची चर्चा होत नाही. एखादा साधा प्रसंग घडतो तेव्हाच ती उघडी पडते. या लेखाचा विषय असा एक साधा प्रसंग आहे : गावाच्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होणे.

मी वाशिम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवितो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या विद्यापीठ परीक्षेच्या दिवसांत, पहिल्या वर्षाच्या वर्गातील एक मुलगी पेपर सुरू होऊन पाऊण तास उलटल्यावर परीक्षागृहाच्या दारात आली. पायांवर गुडघ्यापर्यंत काळी माती होती. मी त्या खोलीवर पर्यवेक्षक होतो. नियमाप्रमाणे अर्ध्या तासानंतर कोणाला आत घेता येत नाही. मी तिला आत घेतले नाही.

मागाहून तिची हकीकत कळली. तिच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावरचा नाल्याचा पूल दोन दिवसांपूर्वी बंद करण्यात आला होता. एस. टी. दुसऱ्या फाट्यावरून वळविली होती. मुलगी नेहमीप्रमाणे सकाळी सात वाजता आपल्या फाट्यावर येऊन उभी राहिली. आठ वाजेपर्यंत उभी राहिली. मग पुलाच्या कडेने नाल्यात उतरून, धुऱ्याधुऱ्याने चालत ती मोठ्या रस्त्याला लागली. ती एवढेच म्हणाली, "सर, आमाले कोनंच सांगतलं नाई. गावातल्या पोरी दुसऱ्या फाट्यावर गेल्या व्हत्या. त्याईले मालूम व्हतं."

'गावातल्या पोरी' आणि 'आम्ही' या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे तेच या लेखाचे कारण आहे. दुसरेही एक कारण आहे. पूल बंद होणार असल्याची सूचना त्या आठवड्यात एका स्थानिक वर्तमानपत्रात आली होती, आणि प्राध्यापकांच्या खोलीत चहा पिताना ती मी वाचली होती. वाचली आणि पान उलटले. माझ्याजवळ मोटारसायकल आहे, मी तालुक्याच्या गावी राहतो, तो पूल माझ्या वाटेत येत नाही. आपल्या वर्गात त्या रस्त्याने येणारी मुले आहेत हे त्या क्षणी माझ्या मनातही आले नाही. म्हणून दुसऱ्या कोणावर बोट ठेवण्याआधी मी स्वतःपासून सुरुवात करतो.

२

वाशिम हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा असे त्याचे सहा तालुके. हा मुलूख पाणलोटाच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णा येथे उगम पावते आणि उत्तरेकडे पूर्णेला मिळायला जाते. अडाण, अरुणावती, पूस या नद्यांचे पाणी दक्षिणेकडे पैनगंगेच्या खोऱ्यात उतरते. जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे हिंगोली जिल्हा, म्हणजे मराठवाडा सुरू होतो.

नद्या जिथे उगम पावतात तिथे प्रवाह लहान पण पुष्कळ असतात. आठ महिने कोरडा असणारा नाला एका पावसात दोन्ही काठ भरून वाहतो. म्हणून येथे मोठे पूल थोडे; रपटे, फरशी पूल आणि मोऱ्या फार. कमी उंचीच्या रपट्यावरून पावसाळ्यात पाणी जाते आणि वाट काही तास किंवा काही दिवस बंद पडते. पुलाची कठडे तुटलेली, स्लॅबची गज उघडी पडलेली अवस्था पावसाळ्यानंतर लक्षात येते आणि दिवाळीनंतर कामे निघतात. काम सुरू झाले की शेजारून सिमेंटचे पाइप टाकून, वर मुरूम पसरून तात्पुरती वाट केली जाते. खाली काळी माती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावरचा मुरूम टिकत नाही. काम लांबले आणि पुढचा पावसाळा आला की पहिल्या मोठ्या पावसात ही वाट वाहून जाते. अशा रीतीने एकच पूल एका वर्षात दोनदा बंद होतो : एकदा ठरवून, दुसऱ्यांदा न ठरविता.

पूल कोणाचा, हाही प्रश्न आहे. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा वेगळी. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. काही रस्ते २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून झालेले. गावकऱ्याच्या दृष्टीने तो 'नाल्यावरचा पूल' असतो. कचेरीच्या दृष्टीने तो अमुक क्रमांकाच्या मार्गावरील अमुक किलोमीटरवरचे बांधकाम असते. गावकरी विचारायला गेला तर पहिल्या दारी 'हा आमच्याकडे नाही' असे उत्तर मिळण्याचा संभव फार. पूल जिल्ह्याच्या सीमेवर असला तर अडचण आणखी वाढते. वाशिमच्या काठावर निघालेली सूचना हिंगोलीच्या काठावर पोचलीच पाहिजे अशी सोय नाही. आणि मजुरीला, बाजाराला, सोयरिकीला माणसे तर दोन्ही काठांवरून जातात.

३

कोणी म्हणेल, पूल बंद झाला तर सगळ्या गावाचीच गैरसोय होते. तुम्ही यातही जात का आणता? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर दिले पाहिजे.

पूल बंद झाल्यावर ज्याच्याकडे ट्रॅक्टर किंवा चारचाकी आहे त्याला चार लिटर इंधन जास्त लागते. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याला अर्धा तास जास्त लागतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याची बस जाते. आणि बस गेली की तिच्यासोबत इतर पुष्कळ गोष्टी जातात. २०२३ च्या मार्चपासून एस. टी. त स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. शाळेच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या आहेत. या सवलती काळीपिवळीत चालत नाहीत, ऑटोत चालत नाहीत. ज्या दिवशी बस दुसऱ्या फाट्यावरून जाते आणि आपल्याला ते माहीत नसते, त्या दिवशी शासनाने दिलेली ही सारी सवलत आपल्यापुरती रद्द होते. मोलकरणीचा रोज बुडतो. दवाखान्याची तारीख चुकते. शिधावाटपाचे धान्य उशिरा येते. म्हातारा फाट्यावरून परत येतो. आणि मुलगी दोन-चार वेळा अशी फाट्यावरून परत आली की घरातले म्हणतात, 'राहू दे आता.' शिक्षण सुटते ते एखाद्या मोठ्या संकटाने सुटत नाही. बस न येण्याच्या अशा दहा-वीस दिवसांनी सुटते.

म्हणजे ज्याला बातमीची गरज सर्वांत कमी त्याला ती सर्वांत आधी मिळते, आणि ज्याचा दिवस त्या बातमीवर उभा आहे त्याला ती सर्वांत शेवटी मिळते. ही जात नव्हे असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी आपल्या गावचा नकाशा काढावा आणि बातमी कोणत्या घरापासून निघून कोणत्या घराशी थांबते त्याची रेघ ओढून पाहावी.

४

माझा आजा गावचा कोतवाल होता. त्याच्या आधी त्याचा बाप गावकामगार महार होता. पश्चिम महाराष्ट्रातील महारवतन आणि वऱ्हाडातील गावकामगारी यांचे तपशील वेगवेगळे होते. काम मात्र बहुतेक तेच. सारा भरण्याचे बोलावणे नेणे, सरकारी टपाल पोचविणे, मयताचा सांगावा घेऊन परगावी पायी जाणे, दवंडी देणे. रात्री-अपरात्री, पुरातून, उन्हातून. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठबिगारीतून माणसे सोडविण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने मोडीत काढण्यात आली.

आजाची दवंडी मी पाहिली नाही, ऐकली आहे. मांगवाड्यातला एक म्हातारा डफडे वाजवी आणि आजा ओरडे. चावडीपासून सुरुवात, मग पार, मग मारुतीचे देऊळ, मग वेस. वेशीपाशी दवंडी संपे. वेशीबाहेरच्या आमच्या वस्तीत डफडे वाजत नसे. लहानपणी मी त्याला विचारले होते, मग आपल्या लोकांना कसे कळे? तो म्हणाला, "मी घरीच येत व्हतो ना बाप्पा." ओरडून घसा बसलेला तो माणूस घरी येई आणि ओसरीवर बसून बायकापोरांना सांगे, तेवढ्याने वस्तीला कळे.

या उत्तरात एक विलक्षण गोष्ट आहे. अन्यायावर उभ्या असलेल्या त्या व्यवस्थेने वस्तीला बातमी देण्याची सोय कधी केली नव्हती. निरोप्या वस्तीत राहत होता, एवढ्यामुळे बातमी वस्तीत येत होती. निरोप वाहणे हे ज्यांच्यावर लादलेले काम होते, त्यांनाच निरोप द्यावा असे कोणाला वाटले नाही. खांद्यावरच्या ओझ्यातून सांडलेल्या दाण्यांसारखी बातमी आमच्या घरात सांडत होती.

ते वतन गेले हे उत्तमच झाले. त्या गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. पण ते मोडल्यावर त्याच्या जागी काय आले, हे आपण तपासले नाही. दवंडी गेली. तिच्या जागी ग्रामपंचायतीचा फळा आला, वर्तमानपत्रातली सूचना आली, आणि आता मोबाइलवरचा गट आला. या तिन्हींपैकी कशाचाही मुक्काम वस्तीत नाही. फळा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. वर्तमानपत्र हॉटेलात येते. मोबाइलवरच्या गटात कोणाला घ्यायचे ते गट चालविणारा ठरवितो. तो मुद्दाम वगळतो असे मी म्हणत नाही. त्याला ज्यांचे क्रमांक ठाऊक असतात त्यांना तो घेतो, आणि ओळखीचे वर्तुळ हे आपल्याकडे जातीचे वर्तुळ असते. वस्तीतल्या तरुण मुलाकडे मोबाइल आहे हे खरे. पण तो पुण्याला कंपनीत आहे. घरी म्हातारी आहे आणि सून आहे. सुनेच्या हातात मोबाइल दुपारी येतो, सात वाजता फाट्यावर जाण्याआधी येत नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता', १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. इतक्या हालअपेष्टांत चार चार पत्रे चालविण्याचा खटाटोप त्यांनी का केला? इतरांचा निरोप वाहणाऱ्या समाजाला स्वतःचा निरोप असावा, हे त्याचे एक उत्तर आहे. आज नाल्यावरच्या पुलाची बातमी ही त्या मानाने फार लहान गोष्ट वाटेल. पण तत्त्व तेच आहे.

५

पुलाची बातमी न पोचल्याने केवळ पेपर बुडतो असे नाही. माणसे बुडतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. अंधारात दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या हे लक्षात आले आणि त्याने धावत जाऊन मागून येणारी वाहने थांबविली, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. ज्या महाडात १९२७ साली पाण्यावरच्या हक्काचा लढा झाला, तिथे त्या रात्री कोणत्याही यंत्रणेच्या आधी एका साध्या माणसाची हाक उपयोगी पडली.

आपल्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर २८ सप्टेंबर २०२१ रोजी नांदेडहून नागपूरला जाणारी एस. टी. पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात घातली गेली आणि वाहून गेली, माणसे दगावली. अशा वेळी पुलाच्या तोंडाशी आडवा बांबू आणि 'थांबा' म्हणणारा एक माणूस हवा असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात रस्त्यावरून पाणी जात असेल तर पलीकडे जाण्याचा विचारच सोडा, अशा अर्थाची एक पाच शब्दांची घोषणा शाळकरी मुलांनाही पाठ असते. आपल्याकडे प्रत्येक चालक स्वतःच्या अंदाजावर पाणी मोजतो.

१५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. फलक असणे आणि पूल खरोखर बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळले. फलक लावल्याने कचेरीची जबाबदारी कागदावर संपते. माणसाला थांबविण्याचे काम त्याने होतेच असे नाही.

या उलट, बंद पुलाबरोबर दुसरी सोय लावता येते याचेही उदाहरण आपल्याच जुन्या जिल्ह्यात आहे. अकोला ते अकोट मार्गावर पूर्णा नदीवरचा गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल तडा गेल्यामुळे २०२२ च्या ऑक्टोबरात वाहतुकीला बंद करण्यात आला. अकोट तालुक्यातील विद्यार्थी, रोगी, नोकरदार यांना दूरच्या वाटा धराव्या लागल्या. मागणी वाढली आणि नोव्हेंबरात अकोला–अकोट रेल्वेगाडी सुरू झाली. लोकांना काय झाले ते कळले, ते एकत्र बोलले, म्हणून मार्ग निघाला. ज्याला पूल बंद असल्याचेच कळत नाही तो मागणी कशाची करणार? बातमी हे मागणीचे पहिले पाऊल आहे.

६

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आपल्यापैकी पुष्कळांना असे वाटते की गावाला सांगणे ही कचेरीची मेहरबानी आहे. तसे नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, किंवा रस्त्याच्या अथवा पुलाच्या स्थितीमुळे, वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालता येते. ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते आणि रस्त्यावर योग्य ठिकाणी वाहतुकीची चिन्हे उभारावी लागतात. बंदी एक महिन्याच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही. परंतु परिस्थितीप्रमाणे शक्य ती स्थानिक प्रसिद्धी दिलीच पाहिजे, असे कलम सांगते. गावच्या पुलांची पुष्कळ बंदी अल्प मुदतीची असते. म्हणजे तिथे 'स्थानिक प्रसिद्धी' हा कायद्याने घालून दिलेला भाग आहे. प्रश्न एवढाच की 'स्थानिक' म्हणजे कुठपर्यंत? वेशीपर्यंत की वेशीबाहेरपर्यंत?

याचे उत्तर दुसऱ्या कायद्यात सापडते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा उपयोग आपण अर्ज करण्यापुरता करतो. पण त्याचे कलम ४ अर्ज न करताही माहिती देण्याविषयी आहे. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. आणि माहिती देताना स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन कोणते याचा विचार करावा, असे त्यात आहे. सूचनाफलक, वर्तमानपत्रे, जाहीर पुकारा ही साधने कायद्यानेच मोजून दिली आहेत. जाहीर पुकारा म्हणजे दवंडीच. फरक इतका की आता ती कोणा एका जातीने द्यायची नाही, आणि ती कोणा एका वस्तीपाशी थांबायची नाही.

पूर, अतिवृष्टी अशा वेळी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३४ प्रमाणे जिल्हा प्राधिकरण वाहतूक रोखू शकते. म्हणून 'हा पूल आमच्याकडे नाही' असे उत्तर मिळाले तर तहसीलदाराकडे जावे. त्याला सगळे पूल आपलेच असतात.

७

बातमी कशी द्यावी याचाही थोडा विचार केला पाहिजे. नेहमीची सूचना अशी असते : 'सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, उक्त मार्गावरील पुलाचे काम प्रगतिपथावर असल्याने सदर मार्गावरील वाहतूक पुढील आदेशापर्यंत पर्यायी मार्गाने वळविण्यात आलेली आहे.' या वाक्यात पुलाचे नाव नाही, तारीख नाही, बस कुठे थांबेल ते नाही. 'सर्व संबंधित' म्हणजे आपण, हे कोणाच्या लक्षात येईल?

हीच सूचना अशी देता येईल : 'सोमवारपासून नाल्यावरचा पूल बंद. पायी आणि सायकलने जाता येईल. मोटारसायकल, बैलगाडी, बस, ट्रक जाणार नाही. सकाळची सातची बस आता मोठ्या फाट्यावर पावणेसातला येईल. काम होळीपर्यंत चालेल. पाऊस आला तर शेजारची मुरमाची वाटही बंद राहील. काही विचारायचे असल्यास अमुक यांना विचारा.' यात सात गोष्टी आल्या : कोणता पूल, केव्हापासून, केव्हापर्यंत, कोणाला बंद आणि कोणाला चालू, दुसरी वाट कोणती, बस कुठे व किती वाजता, आणि विचारायचे कोणाला. पुलाचे नाव गाव जे घेते तेच घ्यावे. किलोमीटरचा आकडा अभियंत्यासाठी ठेवावा.

बातमी एकदा देऊन भागत नाही. ती चार वेळा द्यावी लागते : बंद होण्याच्या आठवडाभर आधी, बंद होण्याच्या आदल्या संध्याकाळी, मधे काही बदलले तर त्याच दिवशी, आणि पूल उघडल्यावर. ही चौथी बातमी हमखास राहते. पूल उघडून पंधरा दिवस झाले तरी म्हातारी माणसे दूरच्या फाट्यावर चालत जात असतात, कारण सुरू झाल्याचे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कोणाला सांगायचे याची यादी आधी हवी. एस. टी. च्या आगारात आणि बसस्थानकावरील वाहतूक नियंत्रकाला; २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला, कारण रात्री बाळंतीण घेऊन निघालेली गाडी बंद पुलाशी पोचून परत फिरली तर त्याला काही अर्थ राहत नाही; शाळा-महाविद्यालयांना; रास्त भाव दुकानाला; काळीपिवळीवाल्यांना. आणि गावात आशा, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, कोतवाल यांना. आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघरी जातात आणि बायकांशी बोलतात. त्यांनी सांगितलेले मोबाइलच्या निरोपापेक्षा लवकर पोचते. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच फार आहे, हेही विसरता येणार नाही. म्हणून हे काम त्यांच्या एकट्यांवर टाकू नये.

वस्तीपुरते आपल्या हाती दोन ठिकाणे आहेत. एक विहार. संध्याकाळी वंदनेला बायका, मुले, म्हातारी जमतात. वंदना झाल्यावर दोन मिनिटे सूचना वाचली तर ती घरोघर जाते. दुसरे, फाटा. बस बंद असल्याचे सर्वांत उपयोगी ठिकाण म्हणजे बसची वाट पाहण्याचे ठिकाण. तिथे एक पाटी, मोठ्या अक्षरांत, बाणासह. ज्याला वाचता येत नाही त्याला बाण कळतो.

आणि शेवटी एक कसोटी. सूचना काढली का, फळ्यावर लावली का, निरोप पाठविला का, या कचेरीच्या कसोट्या आहेत. आपली कसोटी एकच : गावाच्या शेवटच्या घरी जाऊन विचारायचे, 'पूल बंद असल्याचे तुम्हाला केव्हा कळले? कोणी सांगितले?' शेवटच्या घराला कळले असेल तर मधल्या सगळ्यांना कळलेले असते. बातमी पहिल्या घरापासून मोजली तर ती नेहमीच पोचलेली दिसते.

८

शिकलेल्या माणसांविषयी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आग्र्याच्या भाषणात जी खंत बोलून दाखविली ती आपण दर जयंतीला ऐकतो. ऐकताना ती दुसऱ्या कोणाविषयी आहे असे वाटते. प्राध्यापकांच्या खोलीत वर्तमानपत्राचे पान उलटले तेव्हा ती माझ्याविषयी होती. आजाने निरोप सक्तीने वाहिला. मला कोणाची सक्ती नव्हती, तर मी तो वाहिलाच नाही. सक्तीतून सुटलेल्या माणसाने आपखुशीने काय करायचे, हा प्रश्न मला त्या मुलीच्या मातीने भरलेल्या पायांनी विचारला.

त्यानंतर आम्ही वर्गात एक साधे काम केले. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावापासून महाविद्यालयापर्यंतच्या वाटेवरचे पूल, रपटे, मोऱ्या मोजून कागदावर काढले. कोणत्या रपट्यावर पाणी चढते, कोणती बस कुठून वळते, ते लिहिले. त्या कागदांवरून एक मोठा नकाशा झाला. तो आता महाविद्यालयाच्या दारात आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले दर सोमवारी बसस्थानकावर जाऊन नियंत्रकाला विचारतात आणि शेजारच्या फळ्यावर खडूने लिहितात. कधी चुकते, कधी सुटीत बंद पडते. गेल्या पावसाळ्यात एक रपटा आम्ही 'चालू' लिहिला आणि त्याच दुपारी त्यावर पाणी चढले. मुले अलीकडेच अडकली. तेव्हापासून आम्ही फळ्यावर लिहिल्याची वेळही लिहितो.

त्या मुलीचा पेपर पुढच्या सत्रात निघाला. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. फळ्यावर लिहिणाऱ्यांत ती आहे आणि तिचे अक्षर सर्वांत मोठे आहे. मध्यंतरी मी तिला सहज म्हटले, इतके मोठे लिहिले तर दोनच पूल मावतात. ती म्हणाली, "सर, मायी आजी बी वाचली पायजे. ती आता जोडून जोडून वाचते."

वाचकांना माझी विनंती आहे. आपापल्या गावचा एक पूल घ्या. तो मागच्या खेपेला बंद झाला तेव्हा शेवटच्या घराला केव्हा कळले ते विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या खेपेला पुन्हा विचारा. दोन तारखांमधले अंतर कमी झाले असेल तर गाव थोडे बदलले असे समजू.